बिननावाची हाक

रविवार, १४ नोव्हेंबर १९९९
आणे

पोचले एकदाची. टेम्पोतून एकही बशी न फुटता सामान उतरलं, हेच विशेष. मंचरला कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकून पडलो होतो, तेव्हा टेम्पोवाला म्हणाला की एवढं सामान घेऊन लोक इकडून पुण्याला जातात, तुम्ही मात्र उलट्या निघालात. आळेफाट्याला वळलो, बेल्हे मागे पडलं, घाट चढून वर आलो तर समोर नुसतं पठार. झाडं कमी आणि आभाळ जास्त. वारा असा की पदर हातात धरूनच चालावं लागतं. मला आवडलं.

घर दादाभाऊंचं. मुलासाठी बांधलेलं, पण मुलगा मंचरला मार्केट यार्डात कामाला लागला आणि तिथेच राहिला, म्हणून मला भाड्याने मिळालं. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढे पडवी. भिंतींना निळा रंग, अजून नवाच. दादाभाऊ आणि त्यांची बायको साळुबाई शेतातल्या जुन्या घरी राहतात. हाक मारली तर ऐकू जाणार नाही, पण पडवीत उभं राहिलं की त्यांचा दिवा दिसतो.

उद्यापासून ट्रस्टच्या दवाखान्यात रुजू. रक्त, लघवी, थुंकी तपासायची, बस. डॉक्टर आळेफाट्याहून आठवड्यातून दोनदा येणार. बाकीचे दिवस मी आणि मायक्रोस्कोप.

ह्यांची वेताची खुर्ची आणली आहे. दीर म्हणत होते, कशाला ते जुनं ओझं, इथेच राहू दे. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि वरची खोली रिकामी हवी होती. मला कुणी जा म्हणालं नाही. थांबही म्हणालं नाही. म्हटलं, खुर्ची तरी माझ्याबरोबर येईल.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

काम जमतंय. लोक साधे आहेत. सुई टोचताना मोठमोठे बाप्ये तोंड फिरवतात आणि म्हाताऱ्या टक लावून बघतात. एका आजीबाईंनी विचारलं की एवढं रगत नेऊन तुमी काय करता. खरं सांगितलं तर त्यांना पटलं नाही.

साळुबाई सकाळी दूध घालते. पन्नाशीची असेल, माझ्याच वयाची. दारात उभं राहून सगळं घर डोळ्यांनी झाडून घेते आणि मग बोलते. आज म्हणाली, “ताई, रातच्याला भ्या वाटलं तर आमच्याकडं या झोपायला. लाजू नगा.” भीती वाटत नाही असं मी सांगितलं. ते खरंच आहे. भीती नाही.

संध्याकाळ मात्र लांब असते. सूर्य बुडतो, लाईट जाते, वारा दाराच्या फटीतून शिट्टी घालत राहतो. आज भाजी अळणी झाली. तसं मोठ्याने म्हणाले आणि मग लक्षात आलं की कुणाला सांगतेय. पुण्यात निदान जिन्यावर पावलं वाजायची. माझ्यासाठी नसायची, पण वाजायची.

चहा सवयीने दोन कप टाकते. दुसरा थंड झाला की ओतून देते.

सोमवार, २२ नोव्हेंबर

आज बेल्ह्याचा बाजार. दवाखान्याला दुपारून सुट्टी होती म्हणून जीपने खाली गेले. बैलांची रांग संपते तिथे जुन्या वस्तूंवाले बसतात. एकाने ताडपत्रीवर घुंगरमाळा, पितळी डबे, एक काटे नसलेलं घड्याळ असं काय काय मांडलं होतं. आणि त्यात, चमच्यांच्या ढिगात, तंबाखूचा पाइप.

पाय आपोआप थांबले. किती रविवार मी ह्यांच्याबरोबर जुन्या बाजारात काढले आहेत. हे पाइप ओढायचे आणि जमवायचेही. मी पिशवी धरून मागे उभी. ऐकून ऐकून मलाही सगळं कळायला लागलं होतं. आधी लाकूड बघायचं, मग शिक्का, मग चांदीची कडी, मग तोंडात धरायचा काळा भाग दिव्यासमोर. ह्यांचे सगळे पाइप दिरांनी विकले. मी नको म्हणाले नाही. तेव्हा कशालाच नको म्हणत नव्हते.

विकणाऱ्याचं नाव सोमाजी. पांढऱ्या मिशा, मोजकं बोलणं. पाइप हातात घेतला तर भाव सांगायच्या आधी त्याने विचारलं, “बाई, घरात कोण ओढतं?” मी म्हणाले, आमचे मालक. “हायेत ना घरात?” मी म्हणाले, आहेत की. का म्हणाले माहीत नाही. भर बाजारात, अनोळखी माणसासमोर, विधवा हा शब्द तोंडातून निघेना. त्याने माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, पण हल्ली पुण्याच्या बायका काही घालत नाहीत हे त्यालाही ठाऊक असणार. फार घासाघीस न करता दिला.

आता लिहिताना समोर आहे. लाकूड ब्रायरचं, नक्की. आगीत टिकतं ते. रेषा सरळ, ज्योतीसारख्या वर गेलेल्या. कडी चांदीची, तिच्यावर सिंह, जहाजाचा नांगर आणि एक अक्षर. म्हणजे विलायती चांदी, बर्मिंगहॅमची. अक्षरावरून साल काढतात, ते मला जमत नाही. गुप्त्यांना विचारायला हवं. ह्यांचे पाइपवाले मित्र ते एकच उरले आहेत. तंबाखू भरायच्या कप्प्यात आतून काजळीचा जाड थर, म्हणजे खूप ओढलेला. काळ्या भागावर दातांच्या खुणा आहेत. पुष्कळ, एकावर एक. दिव्यासमोर धरला तर वाटतं एकाच्या दातांच्या नाहीत. अशा खुणांनी किंमत उतरते, असं हे नेहमी म्हणायचे.

बुधवार, २४ नोव्हेंबर

एसटीडी बूथवरून गुप्त्यांना फोन केला. अक्षराचा आकार विचारून म्हणाले की नव्वद वर्षं तरी जुना असेल. रेषा खरंच सरळ असतील आणि तडा नसेल तर वहिनी, तुमच्या दोन पगारांना मागे टाकील. विकू नका, मी एका रविवारी येऊन बघतो.

आनंद झाला. सांगायला कुणी असतं तर जास्त झाला असता.

संध्याकाळी तो स्पिरिटने पुसला, तोंडाकडचा भाग उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरला आणि तिपाईवर ठेवला. शेजारी वेताची खुर्ची. चहा ओतला. आणि इतक्या दिवसांनी तोंडातून निघून गेलं, “अहो, बसा ना. बघा काय मिळालंय.”

वेत करकरला. वाऱ्याने असेल.

रविवार, २८ नोव्हेंबर

हे लिहू की नको. लिहितेच. वही कोण वाचणार आहे.

तीन दिवस झाले, संध्याकाळी घरात वास येतो. भिजवलेल्या मनुकांसारखा, थोडा जळका, गोड. ह्यांच्या तंबाखूचा. आज दिवेलागणीला पाइप उचलला तर कप्पा कोमट होता. चुलीजवळ नव्हता, उन्हात नव्हता. कानाशी धरला. आत अगदी बारीक, सुकं पान चुरडावं तसा आवाज.

घाबरायला हवं होतं. मी तो गालाला लावून बसून राहिले.

रविवार, ५ डिसेंबर

आठवडा किती छान गेला.

आता रोजचं ठरून गेलंय. दवाखान्यातून येते, हातपाय धुते, दोन कप चहा. “अहो, ऐकलंत का” म्हणून सुरुवात करते. आजीबाईचं रक्त, डॉक्टरांची खटारा मोटरसायकल, दादाभाऊंच्या ज्वारीत शिरलेली कुणाची मेंढरं. खुर्चीतून पाइप ओढल्याचा आवाज येत राहतो. ओठ सुटताना ‘पक्’ होतो तो. गंमत म्हणजे मी काही रंगून सांगायला लागले की ओढणं सावकाश होतं. ऐकताना माणूस थांबतो ना, तसं. संसारात हे कधी इतकं ऐकत नसत. धुराआड पेपर, पेपराआड हे. “हं” म्हणायचे. आता “हं” सुद्धा नाही, पण ऐकतात.

सकाळी कप्प्यात राख असते. मी ती तुळशीत टाकते.

साळुबाईने दूध घालताना दुसरा कप पाहिला. पावणं आलंय का विचारलं. मी हसून नाही म्हटलं. मग तिने नाकाने हवा ओढली आणि माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, “ताई, तुमी वाळलात.” पठारावरचं पाणी मानवलं नसेल अजून. हापशावरून हंडा आणताना मध्ये दोनदा टेकावं लागतं, तेवढंच.

रविवार, १२ डिसेंबर

गुप्ते आले होते. ओझरला गणपती करून, पुढे इकडे. बरोबर भिंग, मऊ फडकं, सगळा सरंजाम. जेवण झाल्यावर पडवीच्या उजेडात पाइप घेऊन बसले. मला खूप दिवसांनी माणसासाठी पोळ्या लाटल्यासारखं वाटत होतं.

कप्पा पहिल्या दर्जाचा म्हणाले. चांदी १९०८ सालची. पण लाकूड तिच्याहून जुनं आहे, कडी नंतर घातलीय. आणि तोंडाकडचा भाग तर पुन्हापुन्हा बदललेला, जोडाच्या जागी तसे घाव आहेत. “चावून चावून तुटलाय, दर वेळी नवा बसवलाय,” म्हणाले. “अहो वहिनी, पाइप कोण असा चावतो? माणूस ओढताना दात नुसते टेकवतो.” मग भिंग खाली ठेवून म्हणाले की पाइपची खरी किंमत ओढल्याशिवाय कळत नाही. खिशातून तंबाखू काढली, भरली, वेताच्या खुर्चीत बसले, काडी लावली.

मला तिथे बसू नका म्हणायचं होतं. का, ते सांगता आलं नसतं.

एकच झुरका. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. पाइप तोंडातून काढताना हाताने ओढून काढावा लागला, चिकटलेला असावा तसा. उठून पडवीच्या खांबाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, मी ओढला नाही, वहिनी. त्याने मला ओढलं.

किंमत विचारली तर मान हलवली. एवढंच म्हणाले की मला याची किंमत करता येत नाही, कुणाला तरी देऊन टाका आणि चला माझ्याबरोबर, आमच्याकडे राहा चार दिवस. मी उद्या दवाखाना आहे म्हणाले. एसटीत चढताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. भिंग इथेच विसरले.

संध्याकाळी मी माफी मागितली. “अहो, रागावू नका. ते परत बसणार नाहीत तुमच्या जागेवर.” उशिरापर्यंत ओढण्याचा आवाज येत होता. भरभर. हावरट.

गुरुवार, १६ डिसेंबर

दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढून मला घेरी आली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली आणि मोटरसायकलवर बसवून आळेफाट्याला नेऊन फोटो काढायला लावला.

फोटो त्यांनी काचेवर लावला आणि हळू आवाजात विचारलं, किती वर्षं ओढताय?

मी आयुष्यात ओढलेलं नाही. मशेरीसुद्धा लावत नाही. त्यांना ते खोटं वाटलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं. इतकी वर्षं थुंकी तपासतेय, छातीचे फोटो पाहतेय. तीस वर्षं चिलीम ओढणाऱ्या म्हाताऱ्याची छाती होती ती. माझं नाव खाली लिहिलेलं.

जीपमध्ये बसल्यावर एक गोष्ट डोक्यात आली आणि घर येईपर्यंत गेली नाही. रोज सकाळी कप्प्यात राख असते. पण मी त्यात तंबाखू एकदाही भरलेली नाही.

मग जळतंय काय?

शनिवार, १८ डिसेंबर

आज संध्याकाळी बोलले नाही. चहा एकच केला. दारालगत, खुर्चीपासून लांब बसले आणि छातीवर हात ठेवून लक्ष दिलं.

पाइप ओढल्याचा आवाज आला की माझा श्वास निघून जातो. मी सोडत नाही, तो जातो. ‘पक्’ झालं की परत येतो, पण सगळा नाही.

साळुबाईला दुपारी सगळं सांगितलं होतं. हसली नाही ती. खुर्चीकडे पाठ न करता उभी राहिली आणि विचारलं की बोलवताना काय म्हणालात. मी म्हणाले, अहो म्हणाले, नवऱ्याला दुसरं काय म्हणणार. तिने कपाळाला हात लावला. “ताई, नावानं हाक मारायची व्हती. अहोला काय, कोन बी ओ दील.”

म्हणून आज नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आजच. दार उघडं ठेवून उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, मधुसूदन.

ओढणं थांबलं. खोली इतकी गप्प झाली की मला वाटलं, आहेत, हेच आहेत, किती मूर्ख मी. पुन्हा म्हणाले, मधुसूदन, तुम्हीच ना?

वेत करकरला. कुणीतरी पुढे झुकून बसल्यासारखा. कुणी नवीन शब्द शिकत असावं तसा.

मग परत ओढायला सुरुवात झाली. आणि वास बदलला. मनुका नाहीत. कधी नव्हत्याच बहुतेक. केस जळल्याचा वास.

ह्यांचा नाही तो. ह्यांचा कधीच नव्हता.

पळत दादाभाऊंकडे आले. इथेच लिहितेय. साळुबाईने अंगावर घोंगडी टाकली आहे.

सोमवार, २० डिसेंबर

दादाभाऊ बरोबर आले. पाइप फडक्यात गुंडाळून बेल्ह्याला नेला आणि सोमाजीच्या ताडपत्रीवर ठेवला. त्याने फडकं उघडलं नाही, त्याला कळलं. बैलांचा गलका चालू होता, तरी त्याचा प्रत्येक शब्द ऐकू आला.

“मी इचारलं व्हतं, बाई. घरात मालक हायेत का म्हून. एकट्या माणसाला मी ही चिलीम देत न्हाई.”

मी मान खाली घातली. मग त्याने सांगितलं. आधी पारनेरकडच्या एका मास्तराच्या घरातून ती आली, त्याच्या आधी एका मेंढपाळ म्हातारीच्या पालातून. दोघंही एकटी. दोघंही बसल्या जागी गेली. मास्तराला त्याने स्वतः पाहिलं होतं, तोंड उघडं आणि छाती आत गेलेली, फुटक्या भात्यासारखी. समोर दुसरी खुर्ची, जवळ ओढलेली. दोघांच्याही शेजाऱ्यांनी हेच सांगितलं की शेवटी शेवटी फार खुशीत होती, कुणाशी तरी बोलत असायची.

दादाभाऊंनी विचारलं, मग विहिरीत का टाकत नाहीस. सोमाजी म्हणाला, “टाकली तर कुनातरी एकट्यालाच घावल, दादा. माज्या घरात अकरा मानसं हायेत. तितं ती निस्तं लाकूड व्हती. गोकूळ असल त्या घरात गेली तर बरं, म्हून मांडतो.”

पैसे परत देत होता. घेतले नाहीत. घाट चढताना जीपमध्ये छाती भरून श्वास घेतला आणि रडले.

बुधवार, २२ डिसेंबर

घरी परतले. साळुबाई राहा म्हणत होती, पण त्यांच्या एका खोलीत सून-नातवंडं आली आहेत मंचरहून, मी कुठे मावणार.

वास नाही. आवाज नाही. खुर्ची म्हणजे खुर्ची. श्वास बरा आहे. हंडा एका दमात आणला.

सगळं ठीक आहे.

शुक्रवार, २४ डिसेंबर

दिरांना फोन केला. तब्येतीचं सांगणार होते. लग्नाची गडबड चालली होती, मागे बायका हसत होत्या. ते म्हणाले, जरा नंतर बोलू का. बरं म्हणाले. कोण बोलतंय हे त्यांना कळलं तरी होतं का, अशी शंका आली.

भाजीत मीठ बरोबर पडलं होतं आज. सांगायचं राहिलं.

शनिवार, २५ डिसेंबर

वारा. दिवसभर वारा.

दोन कप केले. दुसरा मीच प्याले, थंड झाल्यावर.

ऐकत होता तो. एवढंच म्हणते. कोण होता, कशासाठी ऐकत होता, सगळं मान्य. पण त्या संध्याकाळी मी बोलत होते आणि कुणीतरी थांबून, झुरका अर्धा सोडून, ऐकत होतं. लग्नाआधी नाही, लग्नात नाही, नंतर नाही — माझं कुणी एवढं ऐकलं नव्हतं.

हे लिहायला नको होतं.

सोमवार, २७ डिसेंबर

बाजारात गेले. भाजी आणायला.

सोमाजीने मला पाहिलं आणि हातानेच नाही म्हणून खुणावलं. मी काही मागितलंही नव्हतं. मग एक गिऱ्हाईक घुंगरमाळा बघायला आलं, त्याने पाठ केली. चमच्यांच्या खाली होता. जवळ होते ते सगळे पैसे पितळी डब्यात टाकले आणि निघाले.

कुणाची टाचणी कधी उचलली नाही आयुष्यात.

जीपमध्ये मांडीवर ठेवला होता. बेल्ह्याचा फाटा सुटेपर्यंतच कोमट झाला. मला ओळखलं.

बुधवार, २९ डिसेंबर

दवाखान्यात गेले नाही. निरोपही दिला नाही.

बोलले. खूप बोलले. लहानपणचं, आईचं, मूल झालं नाही त्याचं. ते तर ह्यांच्याशीही कधी — तो ओढायचा थांबला होता. इतका वेळ थांबला की माझा श्वास जवळजवळ पुरता परत आला. ऐकायचं असलं की सोडतो मला. मग ओढतो.

अहो म्हणत नाही आता. काय म्हणू ते ठरत नाही.

शुक्रवार, ३१ डिसेंबर

साळुबाई आली. टीव्हीवर उद्या साल बदलणार, कॉम्प्युटर बंद पडणार, काय काय चाललंय म्हणाली. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. वास आला तिला. रडायला लागली. उद्या आमी समदी मंचरला चाललोय, नातवाचं जावळ हाय, तुमी चला, तितं घर भरलेलं असतं, ताई, चला.

उद्या सांगते म्हणाले.

ती गेल्यावर खुर्ची आधी होती तिथे नव्हती. थोडी पुढे. माझ्याकडे.

शनिवार

उठवत नाही. हंडा रिकामा.

जीपचा आवाज आला. दाराशी थांबली. साळुबाई हाका मारत होती — ओ द्यायचा होता, खरंच द्यायचा होता — हवा बाहेर आली नाही. दादाभाऊ म्हणाले, यायचं नसेल त्यांना. गेले.

तिने कडी वाजवली होती. आतून मीच —

वार आठवत नाही

लाईट नाही. दिवस आहे, थोडा.

खुर्ची गुडघ्याला टेकली आहे. कप्पा लाल होतो, विझतो. लाल झाला की छाती —

बोलायला जमत नाही. तो वाट बघतोय. सांग म्हणतोय असं वाटतं. माझं सगळं सांगून झालं. त्याचंच कधी विचारलं नाही. इतके दिवस समोर बसलाय आणि मी साधं —

ओठांनी विचारलं. आवाज नाही. नाव काय तुमचं?

थांबला.

पाइप खाली ठेवला. पहिल्यांदाच. तिपाईवर, हळू.

सांगणार आहे. पुढे वाकलाय. पण सांगायला श्वास लागतो आणि त्याच्याकडे स्वतःचा — माझ्याकडे एवढा एकच —

घ्या.

म्हणतोय — त्याचं नाव